१६८ दिवसांच्या गोळ्या: टीबीच्या औषधांची गोष्ट, अंकुशनगरहून



चार महिने आपला एकही भाग आला नाही. कमेंटमध्ये बऱ्याच जणांनी विचारलं, "भाऊ, पॉडकास्ट बंद केला का?" नाही केला. मला टीबी झालाय. फुप्फुसाचा. आज औषधाचा १२१ वा दिवस आहे आणि एकूण १६८ दिवस घ्यायचंय. आता एका दमात दहा-बारा मिनिटं बोलता येतं, म्हणून म्हटलं रेकॉर्ड करू. (ज्यांना ऐकायला जमत नाही त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लेखी भाग. मधला खोकला काढून टाकलाय.)

आपला पॉडकास्ट इतिहासाचा, त्यामुळे आजचा विषयही इतिहासच. पण या वेळी तो मी रोज सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर गिळतोय.

थोडक्यात माझं सांगतो. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये. पावसाळ्यात खोकला सुरू झाला. एका खासगी डॉक्टरांनी अँटिबायोटिकचा कोर्स दिला, मग दुसरा, मग तिसरा. चार दिवस बरं वाटायचं, परत तेच. संध्याकाळी बारीक ताप, रात्री घामाने उशी ओली, वजन सात किलोने खाली. दोन महिने गेले, पण बेडका तपासायला कुणी सांगितलंच नाही. आणि मी बी.टेक. झालेला माणूस, मीही विचारलं नाही. शेवटी एक्स-रेमध्ये उजव्या बाजूला वर डाग दिसला, बेडका तपासला, रिपोर्ट पॉझिटिव्ह. कंपनीने घरून काम करायची परवानगी दिली आणि मी गावी आलो. गाव म्हणजे अंकुशनगर, अंबड तालुका, जालना जिल्हा. समर्थ साखर कारखान्याचं गाव.

घरी आल्यावर पहिल्याच दिवशी आजीने माझं ताट, वाटी, तांब्या वेगळा काढला. ती काही बोलली नाही. फक्त वेगळा काढून फळीवर ठेवला. तिच्या लहानपणी त्यांच्या घरात कुणीतरी "क्षयाने" गेलं होतं, एवढंच मला माहीत होतं. मला राग आला नाही, भीती वाटली. मी इथे राहावं की नाही? आणि गोळ्या नक्की किती दिवस? या दोन प्रश्नांची उत्तरं शोधता शोधता हा भाग तयार झाला.

औषधच नव्हतं तेव्हा

आपल्याकडची सगळ्यांना माहीत असलेली केस म्हणजे आनंदीबाई जोशी. ११ मार्च १८८६ ला अमेरिकेत फिलाडेल्फियाला डॉक्टर झाल्या. कोल्हापूरच्या हॉस्पिटलमध्ये त्यांची नेमणूक झाली होती. पण परत आल्या त्या क्षय घेऊनच, आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या. वय २१.

हे सगळे सांगतात. पण तारखा शेजारी ठेवून बघा. रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू सापडल्याचं बर्लिनमध्ये जाहीर केलं ते २४ मार्च १८८२ ला. म्हणजे आनंदीबाई गेल्या तेव्हा रोग कशाने होतो हे जगाला पाच वर्षं माहीत होतं. कारण सापडलं होतं, औषध नव्हतं. ते यायला अजून जवळपास साठ वर्षं लागली.

मधल्या काळात काय होतं? हवा. चांगली हवा, आराम, दूध, अंडी. युरोपात डोंगरांवर सॅनिटोरियम निघाली आणि ती कल्पना आपल्याकडे आली. पाचगणीला डॉ. बिलिमोरिया यांचं बेल-एअर, मिरजेजवळ डॉ. वानलेस यांच्या नावाचं सॅनिटोरियम. त्यावरूनच ती वानलेसवाडी. काही ठिकाणी फुप्फुसाला "विश्रांती" म्हणून छातीत हवा भरून एक बाजू मुद्दाम मिटवायचे. त्यानेही भागलं नाही तर बरगड्या काढायचे. आणि इतकं करूनही खात्री नाहीच. कमला नेहरूंना स्वित्झर्लंडपर्यंत नेलं, तरी २८ फेब्रुवारी १९३६ ला लोझानला त्या गेल्या. ज्यांच्याकडे पैसा होता त्यांची ही गत. ज्याच्याकडे नव्हता त्याच्यासाठी वेगळं ताट आणि ओसरीचा कोपरा. माझ्या आजीला आठवतं ते हेच.

चार आणि चौदा, बत्तीस आणि पस्तीस

ऑक्टोबर १९४३. अमेरिकेत वाक्समन यांच्या लॅबमध्ये अल्बर्ट शॅट्झ नावाच्या विद्यार्थ्याला मातीतल्या सूक्ष्मजीवापासून स्ट्रेप्टोमायसिन मिळालं. टीबीवर खरंच चालणारं पहिलं औषध.

आता पुढचे आकडे नीट ऐका, कारण मला या आजारातलं सगळ्यात महत्त्वाचं तिथेच कळलं. ब्रिटनमध्ये या औषधाची चाचणी झाली. ५५ जणांना स्ट्रेप्टोमायसिन, ५२ जणांना फक्त आराम. सहा महिन्यांनी औषधवाल्यांपैकी ४ दगावले, आरामवाल्यांपैकी १४. १९४८ ला निकाल छापून आला. जबरदस्त, नाही का?

पण त्याच लोकांचा पाच वर्षांनंतरचा हिशोब असा: औषधवाल्यांपैकी ३२ गेले, आरामवाल्यांपैकी ३५. म्हणजे जवळपास सारखंच!

झालं काय? औषध आधी चाललं आणि मग चालायचं थांबलं. जंतू सरावले. हे गणित माझ्यासारख्या कोडवाल्याला लगेच पटतं. फुप्फुसात टीबीने पोकळी पडली की तिथे जंतू कोट्यवधी असतात. एखाद्या औषधाला मुळातच दाद न देणारा जंतू दर दहा लाखांत साधारण एक असतो. कोट्यवधी जंतूंवर एकच औषध सोडलं तर बाकीचे मरतात, ते मूठभर उरतात आणि मोकळ्या रानात तेच वाढतात. पण दोन औषधं एकदम दिली तर? दोन्हींना पुरून उरणारा जंतू हवा, म्हणजे दहा लाख गुणिले दहा लाखांत एक. तेवढे जंतू आपल्या छातीत नसतातच. बँकेच्या ॲपला पासवर्ड आणि ओटीपी दोन्ही का लागतात, तसंच हे.

म्हणून मग स्ट्रेप्टोमायसिनसोबत पास हे औषध जोडलं, १९५२ पासून आयसोनियाझिड आलं. तेव्हापासून नियम एकच: टीबीला एकटं औषध कधीच द्यायचं नाही. माझ्या पहिल्या दोन महिन्यांच्या गोळीत चार औषधं होती, आता तीन आहेत. त्यातल्या रिफाम्पिसिनने लघवी केशरी-लाल होते. पहिल्या दिवशी मी इतका घाबरलो की आईला हाक मारली.

ताटाचा प्रश्न मद्रासने सोडवला

औषधं आली, पण भारतात लाखो रुग्ण आणि सॅनिटोरियममधल्या खाटा काही हजार. मग घरी ठेवून उपचार केले तर? डॉक्टरांना भीती होती की गरिबाघरी खायला नीट नाही, आराम नाही, रुग्ण बरा होणार नाही आणि घरातल्या सगळ्यांना देईल.

१९५६ ला मद्रासमध्ये यासाठी एक केंद्र सुरू झालं. आयसीएमआर, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद, असे चौघे मिळून. प्रमुख होते वॉलेस फॉक्स. शहरातल्या गरीब वस्त्यांतले रुग्ण घेतले. चिठ्ठी टाकल्यासारखं करून अर्धे सॅनिटोरियममध्ये, अर्धे घरी. दोघांना औषध तेच, वर्षभर. सॅनिटोरियमवाल्यांना खाणं चांगलं, खाट, मोकळी हवा. घरवाल्यांना तीच दाटीची खोली, आणि बरेच जण कामावरही जायचे.

१९५९ ला निकाल आला. घरचेही जवळपास तितकेच बरे झाले. आणि घरातल्या माणसांना टीबी होण्याचं प्रमाण? रुग्ण घरी राहिला म्हणून वाढलं नाही. कारण लागण जी व्हायची ती निदानाच्या आधीच होऊन गेलेली असते. योग्य औषध सुरू झालं की रुग्णाचा संसर्ग झपाट्याने ओसरतो.

भारतातल्या एका शहराच्या झोपड्यांत झालेल्या या अभ्यासाने जगभरातल्या सॅनिटोरियमचे दरवाजे बंद व्हायला लागले. आपला राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम १९६२ चा, तो याच पायावर. मी अंकुशनगरला माझ्या खोलीत, खिडकी उघडी ठेवून, लॅपटॉपवर काम करत बरा होतोय, तो त्या लोकांमुळे.

हे मी आजीला समजावलं. टीबी हवेतून पसरतो, खोकल्यातून. ताट-वाटीतून नाही. तिने ऐकून घेतलं, म्हणाली, "मग आमच्या वेळी उगाच त्याला बाहेर जेवायला बसवत होते." आणि बराच वेळ गप्प बसली. दुसऱ्या दिवशी ताट आमच्यातच आलं.

बरं वाटतं तेव्हाच धोका

पुढे रिफाम्पिसिन आलं आणि उपचार सहा महिन्यांवर आला. मग हा आजार संपला का नाही?

तिसऱ्या महिन्यात मला एकदम छान वाटायला लागलं. ताप नाही, वजन चार किलो परत, खोकला नावापुरता. गोळ्यांनी मळमळ मात्र रोज. एक दिवस नाही घेतली. दुसऱ्या दिवशीही पाकीट हातात धरून बसलो होतो. तेव्हा ते ५५ पैकी ३२ आठवले, आणि घेतली. बरं वाटणं म्हणजे जंतू संपले असं नाही. उरलेले संथ, दडून बसलेले असतात. बाकीचे चार महिने त्यांच्यासाठीच असतात.

हे शहाणपण एकट्या रुग्णावर सोडून चालत नाही. १९९१ ला धारावीतल्या खासगी डॉक्टरांचा एक अभ्यास छापून आला. शंभरच्या आसपास डॉक्टरांनी टीबीसाठी ८० वेगवेगळे औषधोपचार लिहून दिले होते! त्याची किंमत पुढे दिसली. डिसेंबर २०११ मध्ये मुंबईच्या हिंदुजा हॉस्पिटलच्या डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी असे चार रुग्ण जगापुढे मांडले, ज्यांच्या जंतूंवर तपासलेलं एकही औषध चालत नव्हतं. २०१२ पासून टीबीचा प्रत्येक रुग्ण सरकारला कळवणं बंधनकारक झालं.

नवी औषधं आणि मुंबईची नंदिता

औषधं जुमानत नसतील तर पूर्वी दोन-दोन वर्षं उपचार चालायचे, आणि त्यात कानामायसिनची इंजेक्शनं. त्यानेच मुंबईच्या नंदिता वेंकटेशनची श्रवणशक्ती गेली. तिला पोटाचा टीबी होता, दुसऱ्यांदा झालेला. २०१२ च्या अखेरीस बेडाक्विलिन हे गोळीतलं नवं औषध अमेरिकेत मंजूर झालं, पण महाग. कंपनीला त्याच्या एका रूपावर २०२७ पर्यंत पेटंट हवं होतं. २०१९ ला नंदिता आणि दक्षिण आफ्रिकेची फुमेझा टिसिले (तिचीही ऐकण्याची शक्ती अशाच औषधाने गेलेली) यांनी भारताच्या पेटंट ऑफिसात हरकत घेतली. मार्च २०२३ मध्ये त्या जिंकल्या. पेटंट नाकारलं गेलं, आणि इतर कंपन्यांना हे औषध स्वस्तात बनवायची वाट मोकळी झाली. सप्टेंबर २०२४ मध्ये आपल्या आरोग्य मंत्रालयाने बेडाक्विलिनसह चार औषधांचा, इंजेक्शनशिवायचा, सहा महिन्यांचा उपचार मंजूर केला.

तपासणीही बदलली. गोव्यात बनलेलं ट्रूनॅट मशीन बॅटरीवर चालतं आणि जंतू आहे का, रिफाम्पिसिनला दाद देतो का, हे काही तासांत सांगतं. मला माझ्यापुरतं उत्तर मिळालं: दाद देतो. त्या दिवशी मी किती मोठ्याने श्वास सोडला असेल, विचार करा.

सरकारी दवाखान्याच्या रांगेत

औषध फुकट आहे. नोव्हेंबर २०२४ पासून पोषणासाठी महिन्याला १००० रुपये खात्यात येतात, आधी ५०० होते. तरी एक गोष्ट सांगतो.

कारखान्याचा सीझन सुरू झाला की आमच्याकडे ऊसतोडीच्या टोळ्या येतात. गोळ्या आणायला गेलो तेव्हा रांगेत माझ्यापुढे अशीच एक ताई होती, टीबीचं कार्ड हातात. औषध तिच्या गावाकडे सुरू झालेलं, मग मुकादमाबरोबर इकडे आली. नि-क्षयच्या नंबरमुळे औषध इथेही मिळतं, ते तिला मिळालंही. पण ती म्हणाली, "दादा, दवाखान्यात आलं की खाडा पडतो." खाडा म्हणजे त्या दिवसाची मजुरी तर जातेच, वर दंड. मी टीम लीडला मेसेज टाकून आलो होतो. गोळ्या आमच्या दोघांच्या त्याच, सहा महिने तेच. मद्रासने खाटेचा प्रश्न सोडवला, नंदिताने पेटंटचा सोडवला. खाड्याचा अजून कुणी सोडवलेला नाही.

शेवटचं. माझ्यासाठी स्थळं बघणं चालू आहे. मामा म्हणाले, "तेवढं टीबीचं कुठं बोलू नको, कोर्स संपला की कुणाला कळणार?" मामांची काळजी खरी आहे. पण पाच वर्षं कारण माहीत असून औषध नव्हतं, तेव्हा आनंदीबाई गेल्या. आज औषध आहे आणि आपण कारण लपवतोय. मामा, हा भाग तुम्ही ऐकाल, तेव्हा सगळ्यांना कळलेलंच असेल. रागावू नका.

आणि मंडळी, दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल, तर तिसऱ्या अँटिबायोटिकची वाट बघू नका. सरकारी दवाखान्यात बेडका तपासा, फुकट होतं. हा भाग अशा एखाद्या खोकणाऱ्या मित्राला पाठवा.

४७ दिवस राहिलेत. पुढचा भाग ते संपल्यावर. भेटू!