निजामाचं दफ्तर आणि आपला डेटाबेस

कंपनीचा जुना डेटा आर्काइव्ह करायचा म्हटलं की पहिला प्रश्न येतो: काय ठेवायचं, किती वर्षं? महसुली अभिलेख कक्षांनी त्याचं उत्तर कधीच ठरवलंय. ‘अ’ वर्गाचे कागद कायम, ‘ब’ 30 वर्षं, ‘क’ 10, ‘ड’ एकच वर्ष. मला दुसरा प्रश्न जास्त अवघड वाटतो: ठेवलेलं पुढे वाचणार कोण?

पाथरीचंच बघा. सप्टेंबर 1948 पर्यंत हा तालुका निजामाच्या राज्यात, सरकारी भाषा उर्दू. 1956 मध्ये तो मुंबई राज्यात आला, 1960 मध्ये महाराष्ट्रात. मग 2023 मध्ये न्या. संदीप शिंदे समितीने मराठवाड्यातल्या कुणबी नोंदी शोधायला घेतल्या आणि निजामकालीन दफ्तरं पुन्हा उघडली. कागद होते, पण उर्दू आणि मोडी वाचणारी माणसं शोधावी लागली. कुणाकुणाचा जातीचा दाखला त्यातल्या एका शब्दावर अडला होता.

नोंद लिहिणाऱ्याला हे कुठून ठाऊक असणार? म्हणून आर्काइव्हच्या आराखड्यात मी प्रत्येक रकान्याचा अर्थ साध्या मजकुरात लिहून ठेवतो. ‘स्टेटस 3’ म्हणजे ‘ऑर्डर रद्द’ हे कुठेच लिहिलं नसेल, तर वीस वर्षांनी तो आकडाही मोडीच.