‘पाहा’ म्हटलं की दिसलं पाहिजे

लासूर स्टेशन कुठे आहे, या साध्या प्रश्नाचं उत्तर सव्वाशे वर्षांत अनेकदा बदललं. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर मनमाडहून हैदराबादच्या दिशेने मीटर गेजचे रूळ पडले, तेव्हा हे स्टेशन निजामाच्या राज्यात, औरंगाबाद जिल्ह्यात, निजाम्स गॅरंटीड स्टेट रेल्वेच्या मार्गावर होतं. १९३० मध्ये ही रेल्वे निजाम सरकारने ताब्यात घेतली. १९५१ मध्ये ती मध्य रेल्वेत गेली आणि १९६६ मध्ये दक्षिण मध्य रेल्वेत. जिल्हा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात, मग द्विभाषिक मुंबई राज्यात, १९६० पासून महाराष्ट्रात. २०२३ मध्ये जिल्ह्याचं नाव छत्रपती संभाजीनगर झालं. मधल्या काळात रूळही ब्रॉड गेज झाले. स्टेशन मात्र जागचं हललं नाही. शिवना नदीकाठचं जुनं लासूर गाव वेगळं आणि रेल्वेमुळे वाढलेली ही बाजारपेठ वेगळी, हेही परक्या माणसाला सांगावंच लागतं.

या स्टेशनचा उल्लेख असलेलं प्रत्येक वेळापत्रक, गॅझेटिअर आणि कोश यांना या प्रत्येक बदलानंतर कुणीतरी हात लावावा लागला. जिथे लावला नाही, तिथे वाचक चुकीच्या राज्यात किंवा चुकीच्या रेल्वेच्या पुस्तकात शोधत बसला. ग्रंथातला ‘अमुक पाहा’ हा उल्लेख दोन प्रकारे मरतो. ज्याच्याकडे बोट दाखवलं त्याचं नाव बदलतं, नाहीतर ती गोष्टच हलून दुसरीकडे जाते. ज्या दस्तऐवजांत हे दोन्ही अपघात सतत घडतात, त्यांत आज कंपायलरच्या माहितीपुस्तकांचा नंबर फार वर लागेल. पण या दुरुस्तीची परंपरा संगणकाच्या कितीतरी आधीची आहे आणि तिचं एक ठळक पान मराठीत आहे.

महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी उत्तरेकडे निघून गेल्यावर, तेराव्या शतकाच्या अखेरच्या काळात, म्हाइंभटांनी ऋद्धिपूरला त्यांच्या आठवणी गोळा करायला घेतल्या. ज्याने जे पाहिलं-ऐकलं त्याच्याकडून ते विचारून घ्यायचं आणि नागदेवाचार्यांकडून पारखून घ्यायचं. अशा रीतीने लीळाचरित्र उभं राहिलं. पुढे केशिराजबासांनी त्यातली स्वामींची वचनं वेगळी काढली आणि सूत्रपाठ तयार झाला. इथेच अडचण आली. लीळेत वचन कुणाला, कुठे, कशावरून सांगितलं ते सगळं असतं. सूत्रपाठात उरतात दोन-चार शब्द. ते प्रसंगापासून तोडले की अर्थ निसटतो.

महानुभावांनी हा तुटलेला धागा पुन्हा बांधला. कोणतं सूत्र कोणत्या प्रसंगातलं, हे सांगणारं ‘प्रकरणवशा’चं स्वतंत्र वाङ्मय त्यांनी निर्माण केलं. स्थानपोथीत लीळा आणि गावं यांची सांगड घातली. दृष्टांतपाठाची रचनाही पाहण्यासारखी आहे. एकशे चौदा दृष्टांतांत आधी सूत्र, मग दृष्टांत, मग दार्ष्टांतिक, म्हणजे त्या दोहोंचा मेळ. वाचकाने कुठून कुठे जायचं, हे मजकुराच्या घडणीतच ठरवून दिलेलं.

परंपरा सांगते की धामधुमीत लीळाचरित्राची मूळ पोथी गेली आणि ते स्मरणातून पुन्हा उभं करावं लागलं. साहजिकच पाठ अनेक झाले. लेखकांनी त्यातला एक खरा ठरवून बाकीचे पुसून टाकले नाहीत. पोथ्यांत मध्येच ‘शोधु’ अशी खूण येते आणि तिच्यापुढे दुसऱ्या परंपरेचा पाठ दिलेला असतो. हा प्रामाणिकपणा आजच्या संपादकांनाही मार्गदर्शक ठरावा असा आहे. विसाव्या शतकात ह. ना. नेने, शं. गो. तुळपुळे आणि वि. भि. कोलते यांनी लीळाचरित्राच्या आवृत्त्या काढल्या. त्यांतले लीळांचे क्रमांक एकमेकांशी जुळत नाहीत. त्यामुळे ‘पूर्वार्ध, लीळा अमुक’ एवढं लिहून भागत नाही, आवृत्तीचं नाव द्यावंच लागतं. कोलत्यांची १९७८ ची प्रत हाताशी असलेला अभ्यासक नेन्यांच्या क्रमांकावरून लीळा शोधायला गेला, तर भलत्याच प्रसंगावर पोचतो. तिथे लीळा असते, क्रमांकही असतो, फक्त हवी ती नसते. ही चूक सगळ्यांत वाईट, कारण ती चूक वाटतच नाही.

कोशकारांपुढे आणखी वेगळा पेच होता. श्री. व्यं. केतकरांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश तेवीस खंडांचा. इतक्या मोठ्या संग्रहात वाट सापडावी म्हणून त्यातला एक अख्खा खंड सूचीला दिला गेला. मराठी विश्वकोशाचं काम १९६० मध्ये मंडळ स्थापन झाल्यावर वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या नेतृत्वाखाली सुरू झालं. त्याचे वीस खंड पुरे व्हायला काही दशकं लागली. विश्वकोशाच्या नोंदीत ओळीच्या मध्ये बाण येतो, शेवटी ‘पहा’ येतं. ‘अ’च्या खंडात ‘स’च्या नोंदीकडे बाण दाखवायचा म्हणजे जी नोंद अजून लिहिलीच नाही तिची हमी द्यायची. ती नोंद पुढे कुणी लिहील का, त्याच मथळ्याने लिहील का, हे ठरायला वर्षानुवर्षं जाणार. हे बाण सांभाळणाऱ्यांचं काम नोंद लिहिणाऱ्यांच्या कामाइतकंच मोलाचं होतं.

संगणक आल्यावर हे जिकिरीचं काम यंत्राकडे सोपवता येईल, असं वाटणं स्वाभाविक होतं. काही अंशी ते झालंही. लेटेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीत प्रबंध लिहिणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने पानावर दोन प्रश्नचिन्हं पाहिलेली असतात. संदर्भ दिला, पण त्याचं ठिकाण अजून सापडलं नाही, असा त्याचा अर्थ. फाइल पुन्हा चालवली की क्रमांक जागेवर येतात. कारण पहिल्या फेरीत प्रणाली ठिकाणं टिपून घेते आणि दुसऱ्या फेरीत ती भरते.

कंपायलर म्हणजे माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राला चालवता येईल अशा रूपात नेणारं सॉफ्टवेअर. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ मध्ये जीसीसी हा मुक्त कंपायलर प्रथम खुला केला. लिनक्सचा गाभा त्यावरच घडत आला. त्याचं वापरकर्त्यांसाठीचं पुस्तक छापलं तर हजारावर पानं होतात. कंपायलरच्या आतली रचना सांगणारं दुसरं जाडजूड पुस्तक वेगळंच. दोन्ही टेक्सइन्फो या पद्धतीत लिहिली जातात. एकाच मूळ मजकुरातून छापील पुस्तकही निघतं आणि पडद्यावरची पानंही.

टेक्सइन्फोत मजकुराच्या प्रत्येक तुकड्याला नोड म्हणतात आणि त्याला नाव असतं. दुसऱ्या नोडकडे बोट दाखवायला तीन आज्ञा आहेत. वाक्याच्या सुरुवातीला ‘पाहा’ हवं तर एक्सरेफ, कंसात हवं तर पीएक्सरेफ, नुसतं नाव हवं तर रेफ. आज्ञेपुढे महिरपी कंसात नोडचं नाव लिहायचं. ते अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे. पूर्वी प्रत्येक नोडच्या ओळीत पुढचा कोण, मागचा कोण, वरचा कोण हेही हाताने लिहावं लागे. एक प्रकरण उचलून दुसरीकडे ठेवलं की शेजाऱ्यांच्याही ओळी दुरुस्त करणं आलं. आता तेवढं काम मेकइन्फो हा प्रोग्रॅम करतो. नसलेल्या नोडकडे बोट दाखवलं तर तो लगेच हरकत घेतो.

एक खरं उदाहरण घ्यावं. जीसीसी ४.९ च्या पुस्तकात इंटेल-धाटणीच्या प्रोसेसरांसाठीच्या पर्यायांचा नोड ‘आय३८६ अँड एक्स८६-६४ ऑप्शन्स’ या नावाचा होता. २०१५ च्या जीसीसी ५ मध्ये तो ‘एक्स८६ ऑप्शन्स’ झाला. नवं नाव नेटकं आहे, यात वाद नाही. पण नाव बदललं की त्या नोडकडे वळवणारा पुस्तकातला प्रत्येक उल्लेख बदलायला हवा. पडद्यावरच्या पानाचा पत्ता नोडच्या नावावरूनच तयार होतो, म्हणून बाहेर कुणी तो पत्ता लिहून ठेवला असेल तर तोही जुना पडतो. जुन्या पत्त्यावर आलेल्याला नव्या नोडवर पोचवायची सोय टेक्सइन्फोत आहे, पण ती करायची आठवण माणसालाच ठेवावी लागते.

आणि यंत्राची नजर तोकडी असते. नोड आहे की नाही, एवढंच मेकइन्फो तपासतो. नोड आहे, पण त्यातला हवा तो परिच्छेद दोन वर्षांपूर्वीच दुसऱ्या प्रकरणात गेला, हे त्याला कळत नाही. ‘खाली सांगितल्याप्रमाणे’ असं लिहिलेलं आणि तो भाग आता वर आहे, हेही नाही. एका पुस्तकातून दुसऱ्या पुस्तकाकडे दाखवलेला संदर्भ तिकडे नाव बदललं म्हणून तुटला, तर इकडे सगळं ठीकच दिसतं. लीळेच्या क्रमांकाची गोष्ट इथेही तीच आहे. वाचून, अर्थ लावून दुरुस्त करणारा माणूस लागतोच.

जीसीसीत अशी माणसं आहेत. सॅन्ड्रा लूसमोर यांनी फंक्शन ॲट्रिब्यूट्सच्या लांबलचक यादीची प्रोसेसरनिहाय फोड करण्यासारखी मोठी फेररचना केली. गेराल्ड फायफर कित्येक वर्षं संकेतस्थळावरचे आणि पुस्तकांतले निकामी दुवे एकेक करून बदलत आले आहेत. एका ओळीच्या या दुरुस्त्या नव्या आवृत्तीच्या घोषणेत कधी झळकत नाहीत. तरीही नव्या ऑप्टिमायझेशनइतकंच त्यांचं मोल आहे, कारण जे सापडत नाही ते वापरलं जात नाही.

महाराष्ट्रात या कामाशी सर्वांत जवळून नातं जोडलं ते आयआयटी मुंबईने. प्रा. उदय खेडकर यांनी तिथे जीसीसी रिसोर्स सेंटर उभं केलं आणि ‘इसेन्शियल ॲब्स्ट्रॅक्शन्स इन जीसीसी’ या कार्यशाळांतून विद्यार्थ्यांना कंपायलरच्या आत नेलं. तिथल्याच अभिजात विचारे यांनी जीसीसी ४.०.२ आवृत्तीची अंतर्गत रचना समजावणारे सविस्तर दस्तऐवज लिहिले. कोणतं काम कोणत्या टप्प्यावर आणि कोणत्या फाइलमध्ये होतं, हे नवशिक्याला दाखवून देणारं असं लेखन तेव्हा दुर्मीळ होतं. आवृत्तीचा आकडा त्यांनी मथळ्यातच घातला, हे त्यांचं शहाणपण.

कारण फाइली पुढे हलत राहिल्या. सी भाषेचं व्याकरण ४.० मध्ये बायसन या पार्सर तयार करणाऱ्या साधनाच्या फाइलीत होतं. ४.१ मध्ये त्याची जागा हाताने लिहिलेल्या ‘सी-पार्सर.सी’ने घेतली. ४.८ च्या सुमारास ती फाइल वेगळ्या ‘सी’ फोल्डरमध्ये गेली. जीसीसीचा स्वतःचा कोड आता सी++ म्हणून कंपाइल होत होता, म्हणून जानेवारी २०२२ मध्ये शेकडो फाइलींच्या नावातलं शेवटचं ‘.सी’ बदलून ‘.सीसी’ झालं. त्या दिवशी टिप्पण्यांतले आणि पुस्तकांतले फाइलींचे उल्लेखही बदलावे लागले. जुना लेख घेऊन आजचा कोड वाचायला बसलेल्या विद्यार्थ्याला हा इतिहास ठाऊक नसेल, तर तो पहिल्याच फाइलीपाशी अडकतो.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सगळी पुस्तकं टेक्सइन्फोतून स्फिंक्स या नव्या पद्धतीत नेली गेली. मार्टिन लिश्का यांनी त्यावर दीर्घकाळ मेहनत घेतली होती. आठवडाभराच्या आतच तो बदल मागे घ्यावा लागला. साधनांच्या आवृत्त्या, सूचीची मांडणी, पानांचं रूप अशा अनेक अडचणी एकदम समोर आल्या. जुन्या पुस्तकांत थोडी थोडी सुधारणा करता येते, पण सगळी घडीच एका दिवसात बदलायची तर हजारो संदर्भांना एकाच वेळी नवं घर द्यावं लागतं. माघार घेण्याचा निर्णय कटू असला तरी योग्य होता. पुस्तकं आजही टेक्सइन्फोतच आहेत.

पुढचं पाऊल लहान आणि नेमकं पडलं. कंपायलर सूचना देतो तेव्हा तिच्यातल्या पर्यायाच्या नावावरून थेट पुस्तकातल्या त्या जागी जाता यावं, अशी सोय आधीपासून होत होती. २०२४ मध्ये डेव्हिड माल्कम यांनी प्रत्येक पर्यायाचा पुस्तकातला पत्ता खुद्द पुस्तकावरूनच काढून वेगळ्या फाइलींत ठेवण्याची व्यवस्था केली. पुस्तकात पर्याय हलला की या फाइली पुन्हा तयार कराव्या लागतात. त्या कुणी विसरलं तर आपोआप चालणारी तपासणी आठवण करून देते. पुस्तक आणि कंपायलर यांना एकमेकांची खबर ठेवायला लावणारी ही व्यवस्था फार चांगली आहे.

छत्रपती संभाजीनगरच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत शिकणाऱ्या आणि लासूर स्टेशनवरून रोज गाडीने ये-जा करणाऱ्या मुलामुलींनी जीसीसीचं पुस्तक उघडावं. त्यात कुठे ‘पाहा’ म्हटलेलं दिसत नसेल, तर ती जागा दुरुस्त करून पाठवावी. त्यासाठी कंपायलरचा तज्ज्ञ असावं लागत नाही, पुस्तक नीट वाचावं लागतं. २०२१ पासून अशा बदलाचे हक्क लिहून देण्याची जुनी सक्तीही उरलेली नाही. बदल आपलाच आहे आणि तो देण्याचा आपल्याला अधिकार आहे, असं सांगणारी नावानिशी एक ओळ त्याखाली जोडली की पुरतं.