खुणे, परशुराम कोमाजी

झाडीपट्टी रंगभूमीवरील ख्यातनाम विनोदी नट. गडचिरोली जिल्ह्याच्या कुरखेडा तालुक्यातील गुरनोली हे त्यांचे गाव. ‘विदर्भाचे दादा कोंडके’ अशी त्यांची ओळख आहे. 25 जानेवारी 2023 रोजी त्यांना कलेच्या क्षेत्रातील पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा त्यांच्या नावावर 800 निरनिराळ्या भूमिका आणि 5,000 हून अधिक प्रयोग सांगितले गेले. मुंबई-पुण्याच्या नाट्यव्यवसायात एका नाटकाचे किती शेकडो प्रयोग झाले, यावर नटाचे नाव होते. त्या हिशेबात 800 भूमिका बसत नाहीत. त्या कशा झाल्या हे झाडीपट्टीतला नाटकाचा धंदा कसा चालतो, यावरून कळते.

प्रदेश आणि हंगाम. चंद्रपूर जिल्ह्याच्या पश्चिमेला गडचांदूरकडे कापसाची शेते आणि सिमेंटचे कारखाने आहेत. पूर्वेला वैनगंगेच्या बाजूने सरकले की धानाच्या बांध्या आणि दाट जंगल सुरू होते. चंद्रपूरचा हा पूर्व भाग, गडचिरोलीचा उत्तर भाग, भंडारा आणि गोंदिया मिळून झाडीपट्टी होते. 26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा निघाला. नाटकाचा पट्टा मात्र जिल्ह्यांच्या हद्दी मानत नाही.

येथील नाटकाचे पंचांग धानाने ठरते. दिवाळीच्या सुमारास कापणी-मळणीला वेग येतो, घरात धान आणि हातात पैसा येऊ लागतो, आणि भाऊबीजेपासून गावोगावी मंडई, म्हणजे जत्रेसारखा मेळा, भरू लागते. दिवसा मंडई किंवा शंकरपट (बैलजोड्यांच्या शर्यती), रात्री नाटक, असा तो बेत असतो. होळीच्या सुमारास हंगाम ओसरतो. नाटकाच्या दिवशी घराघरात पाहुणे उतरतात. लेकी-जावई येतात, उपवर मुले-मुली पाहिली जातात, सोयरिकी ठरतात. नाटक हे गावाच्या वर्षभराच्या भेटीगाठींचे निमित्त असते, म्हणून ते रात्री दहाच्या सुमारास सुरू होऊन पहाटेपर्यंत चाललेले लोकांना चालते. किंबहुना तसेच हवे असते. पाहुण्यांना झोपायला घरात तेवढी जागा नसते.

हा हंगाम साधारण सव्वाचार महिन्यांचा, म्हणजे 125 ते 130 रात्रींचा. एकही रात्र रिकामी न ठेवता 5,000 प्रयोग करायचे म्हटले तरी जवळपास 40 हंगाम लागतील. खुणे यांच्या कारकिर्दीचा पल्ला या गणितावरून ध्यानात येतो.

परंपरा. या रंगभूमीच्या मुळाशी दंडार, खडी गंमत यांसारखे लोकप्रकार आहेत. झाडीबोलीचे अभ्यासक डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी दंडारीचे विशेष संशोधन केले. दंडारीत पुरुषच स्त्रीवेश घेत, आणि सोंगाड्याच्या हजरजबाबीपणावर सगळा खेळ तोलला जाई. पुढे पडदे, विंग, ऑर्गन, तबला आणि लिखित संहिता आली, संगीत नाटकांचा ठसा उमटला, तरी सोंगाड्याची जागा गेली नाही. तो विनोदी पात्र होऊन नव्या नाटकात शिरला. नायक-नायिका पुस्तकी मराठीत बोलत असताना विनोदी पात्राने झाडीबोलीत उत्तर द्यायचे, ही येथली रूढ रीत आहे. ‘ण’चा ‘न’ आणि ‘ळ’चा ‘र’ करणारी ही बोली मंचावर आली की समोरच्या माणसाला आपल्या घरचेच कोणी बोलल्यासारखे वाटते. खुणे यांचे नाव झाले ते याच जागेवर.

मंच आणि प्रॉम्प्टर. मोकळ्या जागेत मंडप घालून पडदे लावतात. प्रेक्षक जमिनीवर बसतात. मंचावर वरून मायक्रोफोन लोंबत असतो. नट त्याच्या खाली येऊन वाक्य टाकतो आणि दुसऱ्याला जागा देऊन बाजूला सरतो. प्रॉम्प्टर संहिता उघडून प्रत्येक वाक्य मोठ्याने पुरवत असतो. पुढच्या रांगांना ते ऐकू जाते, पण त्याचे कोणाला काही वाटत नाही.

800 भूमिकांचे रहस्य बरेचसे या प्रॉम्प्टरपाशी आहे. पूर्वी बहुतेक गावांत नाटक गावचेच मंडळ बसवी आणि नामांकित नट-नट्या तेवढ्या बाहेरून ठरवून आणी. अशा नटाला आज एका गावी एक नाटक, उद्या दुसऱ्या गावी दुसरे, अशी कामे येत. तालमीला वेळ नसे आणि पाठांतर शक्य नसे. कथेचा सांधा एकदा समजून घ्यायचा, प्रॉम्प्टरचे वाक्य कानाने उचलायचे आणि तोंडातून निघताना ते आपले करून टाकायचे, हेच त्याचे कसब. विनोदी नटाला आणखी एक मोकळीक असते. दोन वाक्यांच्या मधल्या फटीत तो गावची खोड, समोर बसलेला पाटील किंवा पटात हरलेली बैलजोडी घुसवू शकतो. संहितेत ते कुठेच नसते, आणि दुसऱ्या दिवशी गावात चर्चा त्याचीच चालते.

नाटके. खुणे यांच्या गाजलेल्या नाटकांत ‘सिंहाचा छावा’, ‘स्वर्गावर स्वारी’, ‘मरीमायचा भुत्या’, ‘लावणी भुलली अभंगाला’ यांची नावे घेतली जातात. राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ आणि प्र. के. अत्रे यांचे ‘लग्नाची बेडी’ हीदेखील त्या यादीत आहेत. ‘एकच प्याला’ गडकरींच्या मृत्यूनंतर 1919 मध्येच रंगभूमीवर आले. गडकरींचा अंत विदर्भातल्याच सावनेर येथे झाला होता. शहरी रंगभूमीवर अशी नाटके अधूनमधून पुनरुज्जीवनाच्या निमित्ताने होतात. झाडीत ती पौराणिक, सामाजिक आणि नव्या कौटुंबिक नाटकांच्या पंगतीत बसून जिवंत राहिली.

धंद्याचे केंद्र. गडचिरोली जिल्ह्यातील देसाईगंज, म्हणजेच वडसा, ही या नाटकांची पेठ. गोंदिया–बल्लारशा लोहमार्गावरचे हे स्थानक नट-नट्यांच्या येण्याजाण्याला सोयीचे पडले. येथे पन्नासच्या आसपास नाट्यमंडळांची कार्यालये असतात. गावची मंडळी हंगामापूर्वी येऊन नाटक, तारीख आणि बिदागी ठरवून जातात. कोलकात्याच्या चितपूर रस्त्यावरच्या जात्रा कंपन्यांशी याचे साम्य आहे. तिथेही रथयात्रेच्या दिवसापासून हंगामाचे करार होऊ लागतात, खेळ उघड्यावर रंगतो आणि सिनेमातले नट खास आकर्षण म्हणून आणले जातात. पूर्व पाकिस्तानातून आलेली बंगाली निर्वासित कुटुंबे गडचिरोलीच्या चामोर्शी, मुलचेरा भागात वसलेली असल्याने ही तुलना या जिल्ह्याला परकी नाही.

पडदा आणि मंच. या रंगभूमीला ‘झाडीवूड’, ‘झॉलीवूड’ अशी नावे पडली आहेत. ‘झॉलीवूड’ याच नावाचा, झाडीपट्टीच्या नाटकवाल्यांवरचा तृशांत इंगळे दिग्दर्शित मराठी चित्रपट 2022 मध्ये प्रदर्शित झाला. चित्रपट-मालिकांतले चेहरे पाहुणे म्हणून झाडीत येतात आणि जाहिरातीत त्यांचे नाव ठळक छापले जाते. दादा कोंडके ‘विच्छा माझी पुरी करा’च्या बळावर मंचावरून पडद्याकडे गेले आणि 1971 च्या ‘सोंगाड्या’ने महाराष्ट्रभर पोहोचले. कोंडके यांचे नाव लावले गेले तरी खुणे यांची ख्याती मंचाचीच राहिली. त्यांचे नाव झाले ते एका गावाने पाहिले आणि दुसऱ्या गावाला सांगितले म्हणून.

सन्मान आणि सामाजिक काम. खुणे शेतकरी आहेत. राज्य शासनाचा शेतीनिष्ठ शेतकरी पुरस्कारही त्यांना मिळाला आहे. धानाच्या हंगामानंतर नाटक आणि नाटकानंतर पुन्हा शेती हा झाडीतल्या अनेक कलावंतांचा वर्षक्रम असतो. पद्मश्री जाहीर करताना नक्षलवादाची झळ बसलेल्या मुलांच्या पुनर्वसनातील त्यांच्या वाट्याचाही उल्लेख झाला. गडचिरोलीतून यापूर्वी पद्मश्री मिळालेली प्रकाश आमटे आणि डॉ. अभय व डॉ. राणी बंग ही नावे आरोग्य व समाजसेवेशी जोडलेली आहेत. खुणे यांच्यामुळे त्यांच्या शेजारी नाटकाचे नाव आले. 2023 च्या त्याच यादीत महाराष्ट्रातून कलेसाठी हिंदी चित्रपट अभिनेत्री रवीना टंडन यांचेही नाव होते.

अलीकडची स्थिती. सर्वोच्च न्यायालयाने 7 मे 2014 रोजी बैलांच्या शर्यतींना मनाई केली आणि शंकरपट थांबले, तरी मंडईच्या आधाराने नाटके चालू राहिली. डिसेंबर 2021 मध्ये शर्यतींना पुन्हा परवानगी मिळाली, तोवर करोनाने 2020–21 चा हंगाम मोडून काढला होता. आता बरेचसे प्रयोग गावच्या मंडळांऐवजी वडशाच्या व्यावसायिक मंडळांकडे आहेत. मंडळ तीच दोन-चार नाटके घेऊन हंगामभर फिरते. नटाला तालमी मिळतात आणि संवाद पाठ होतात. मात्र रोज नवे नाटक अंगावर घेण्याची वेळ फारशी येत नाही. 800 भूमिकांची कारकीर्द ज्या रीतीने घडली, ती रीत आता मागे पडली आहे.