नळीच्या आट्यांचा इतिहास

७ फेब्रुवारी १९०४ रोजी अमेरिकेतील बाल्टिमोर शहर पेटले. वॉशिंग्टन, फिलाडेल्फियाहून बंब धावून आले; पण बहुतेकांच्या नळ्यांचे आटे रस्त्यावरच्या नळांना बसेनात! माणसे होती, पाणी होते, आणि १,५०० हून अधिक इमारती भस्मसात झाल्या.

वास्तविक असला मेळ घालण्यासाठीच विमा कंपन्यांच्या प्रतिनिधींनी १८९६ मध्ये तेथे राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघ स्थापिला होता. आरंभी त्याचे लक्ष इमारतींतील तुषारनळ्यांकडे होते. एकट्या बॉस्टनच्या परिसरात त्यांच्या रचनेच्या ९ परी होत्या. आट्यांचे माप संघाने ठरविले ते १९०५ मध्ये, बाल्टिमोर जळाल्यावर! सक्ती करण्याचा अधिकार मात्र त्याला नव्हता. २००४ मधील पाहणीत ४८ मोठ्या शहरांपैकी अवघ्या १८ शहरांत ते माप आढळले.