लायटरची ठिणगी आणि कोडर्म्याचा अभ्रक

गॅसच्या लायटरचा खटका दाबला की आतली स्प्रिंग सुटते, छोटा हातोडा सिरॅमिकच्या एका कांडीवर आपटतो आणि काही हजार व्होल्टची ठिणगी पडते. सेल लागत नाही, प्लग लागत नाही. ती कांडी बहुधा पीझेडटीची, म्हणजे लेड झिर्कोनेट टायटॅनेटची असते. हा पेरोव्हस्काइट घराण्यातला पदार्थ. चालणाऱ्या माणसाच्या टाचेखालून किंवा यंत्राच्या थरथरीतून वीज काढून सेन्सर चालवायचे कितीतरी प्रयोग याच घराण्याच्या भरवशावर चालले आहेत. या घराण्याची कुळकथा सगळे उरल पर्वतापासून सांगतात. मी ती जुन्या बिहारमधल्या अभ्रकाच्या खाणींपासून सांगतो.

उरलचा भाग थोडक्यात उरकता येतो. तिथे १८३९ मध्ये सापडलेल्या कॅल्शियम टायटॅनेटच्या खनिजाचं वर्णन बर्लिनच्या गुस्ताव रोझ यांनी केलं आणि खनिजांचा शौक असलेले रशियन उमराव लेव पेरोव्हस्की यांचं नाव त्याला दिलं. पुढे १८८० मध्ये झाक आणि पिएर क्यूरी या भावांनी क्वार्ट्झ, टूर्मलिन असे स्फटिक दाबून वीज मिळते हे दाखवलं. उरलच्या दगडाचा त्यात काहीच वाटा नव्हता. तो दाबून वीज देतच नाही, कारण त्याच्या अणूंची मांडणी केंद्राभोवती सममित असते. घराण्याला त्याच्याकडून नाव मिळालं आणि रचनेचा साचा मिळाला, एवढंच.

गुण आला तो टंचाईतून. रेडिओच्या कपॅसिटरमध्ये अभ्रकाचे पातळ पापुद्रे लागत, विमानांच्या स्पार्क प्लगमध्येही लागत. दुसऱ्या महायुद्धापूर्वी चांगला पत्री अभ्रक जगाला मुख्यतः भारत पुरवत असे: कोडर्मा, हजारीबाग, गया हा पट्टा आणि दक्षिणेत नेल्लोर. खाणीतून निघालेले ठोकळे हातांनी सोलून त्यांचे पापुद्रे काढावे लागत. युद्ध पेटलं, समुद्रमार्ग धोक्याचे झाले, आणि ब्रिटन-अमेरिकेला हा माल मिळवण्यासाठी भारतात संयुक्त मिशन नेमावं लागलं. दुसरीकडे अभ्रकाला पर्याय शोधायची घाई सुरू झाली. अभ्रकाचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक, म्हणजे कपॅसिटरमध्ये विद्युतभार साठवायला पदार्थ किती मदत करतो त्याचं माप, सहा-सात, टायटॅनियम डायऑक्साइडचा शंभराच्या आसपास. त्यात बेरियम मिसळून भाजल्यावर तो हजाराच्या वर गेला. उरलच्या दगडाच्याच साच्यातलं हे बेरियम टायटॅनेट अमेरिकेत वेनर आणि सॅलोमन, जपानमध्ये ओगावा आणि वाकू, रशियात वुल आणि गोल्डमन अशा तीन जोड्यांच्या हाती युद्धाच्या त्याच काही वर्षांत लागलं.

यावर आक्षेप आहेत आणि ते हलके नाहीत. वेनर यांची कंपनी टायटॅनियमच्याच धंद्यातली होती, आपला माल खपवायला ती नवे उपयोग शोधणारच. टायटॅनियम डायऑक्साइडचे कपॅसिटर जर्मनीत युद्धाआधीच बनत होते. आणि रशियाकडे सायबेरियात स्वतःचा भरपूर अभ्रक होता. अभ्रकाच्या मुख्य जातीला मस्कोव्हाइट म्हणतात ते मॉस्कोच्या जुन्या राज्यावरूनच. रशियापुरता मी हट्ट सोडतो. पण अमेरिकेपुरता नाही. माल खपवायची इच्छा युद्धाआधीही असणारच. भट्ट्या आणि प्रयोगशाळा इतक्या तातडीने एकाच कामाला लागल्या त्या अभ्रकाच्या धास्तीने, असं माझं ठाम मत आहे.

माझ्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा मात्र पुढच्या पायरीवर मिळतो. बेरियम टायटॅनेट सुमारे १२० अंश सेल्सिअसच्या खाली थंड झालं की त्यातला टायटॅनियमचा आयन मधल्या जागेवरून थोडा सरकतो आणि ती सममिती मोडते. हेलन मेगॉ यांनी १९४५ मध्ये त्याची स्फटिकरचना प्रसिद्ध केली. पण भाजलेल्या सिरॅमिकमध्ये असंख्य कण, प्रत्येकाची दिशा वेगळी. एकाची वीज दुसरा खोडून काढणार. मग असा तुकडा दाबून काय मिळणार? तीव्र विद्युतक्षेत्रात धरून सगळ्या कणांतलं हे सरकणं साधारण एका दिशेला वळवता येतं, आणि क्षेत्र काढल्यावरही ती दिशा बरीचशी टिकते, हे ओळखलं आर. बी. ग्रे यांनी. त्यांचा पेटंट अर्ज १९४६ चा. काही जण एमआयटीच्या शेपर्ड रॉबर्ट्स यांना हा मान देतात, पण त्यांचा शोधनिबंध १९४७ चा. मी ग्रे यांच्या बाजूचा, आणि तारखेपेक्षा त्यांच्या नोकरीमुळे जास्त. ते पेनसिल्व्हेनियातल्या ईरी रेझिस्टर कंपनीत होते आणि ही कंपनी सिरॅमिक कपॅसिटर बनवत असे. अभ्रकाच्या जागी आलेला माल ज्यांच्या हाताखालून रोज जात होता, दाबून वीज देणारं सिरॅमिक तिथेच जन्मलं.

पुढचं सरळ आहे. १९५० च्या दशकात पीझेडटी आलं आणि त्याने बेरियम टायटॅनेटला मागे टाकलं. १९९८ मध्ये एमआयटीच्या मंडळींनी टाचेखाली पीझेडटी बसवलेला बूट केला. चालण्यातून मिळालेल्या विजेवर तो आपला ओळखक्रमांक रेडिओवरून पाठवत असे. वीज काही मिलिवॅटच, पण तेवढ्या कामाला पुरेशी. अडचण शिशाची: पीझेडटीच्या वजनात साठ टक्क्यांहून जास्त शिसं. २००४ मध्ये टोयोटाच्या संशोधन केंद्रातल्या सायटो आणि सहकाऱ्यांनी पोटॅशियम, सोडियम आणि नायोबियमचं बिनशिशाचं पेरोव्हस्काइट पीझेडटीच्या तोडीला आणून दाखवलं. सौर सेलमुळे गाजलेली हॅलाइड पेरोव्हस्काइटं आता लवचीक पापुद्र्यांत घालून हालचालीतून वीज काढायला वापरून बघतात. पण त्यांतल्या बहुतेकांत पुन्हा शिसं आहे आणि दमट हवा त्यांना सोसत नाही. अंगावर घालायच्या उपकरणांत मी नायोबियमवाल्यांवर पैज लावीन.