उराकामी कॅथेड्रल : भग्नावशेषांतून शांतीचा संदेश

जपानमधील नागासाकी हे नाव वसईच्या भाविकांना संत गोन्सालो गार्सिया यांच्यामुळे परिचित आहे. वसईत जन्मलेल्या या संताला ५ फेब्रुवारी १५९७ रोजी पंचवीस सोबत्यांसह तेथेच क्रुसावर देहदंड देण्यात आला. पुढील धर्मबंदीच्या काळात त्या शहराच्या उराकामी भागातील ख्रिस्ती कुटुंबांनी दोन शतकांहून अधिक काळ आपली श्रद्धा गुप्तपणे जपली. १८७३ साली बंदी उठल्यावर हद्दपारीतून परतलेल्या या शेतकऱ्यांनी, जेथे पूर्वजांना पवित्र प्रतिमा तुडविण्यास भाग पाडले जाई, तीच जागा चर्चसाठी विकत घेतली. १८९५ साली सुरू झालेली वास्तू १९१४ साली पूर्ण झाली. तिचे दोन घंटामनोरे १९२५ साली उभे राहिले.

९ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी ११ वाजून २ मिनिटांनी तेथून सुमारे ५०० मीटर अंतरावर अणुबॉम्बचा स्फोट झाला. पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयन सणानिमित्त पापनिवेदन ऐकणारे दोन धर्मगुरू व चर्चमध्ये असलेले भाविक मृत्युमुखी पडले. धर्मग्रामातील सुमारे १२,००० पैकी ८,५०० भाविक दगावल्याचे मानले जाते. ढिगाऱ्यात अखंड सापडलेली एक घंटा त्याच वर्षी नाताळच्या पूर्वसंध्येस वाजविण्यात आली.

उभ्या राहिलेल्या भिंतींचे काय करावे, हा प्रश्न कठीण होता. त्या युद्धाची साक्ष म्हणून जतन कराव्यात, अशी शिफारस शहराने नेमलेल्या समितीने केली. परंतु पूर्वजांच्या यातनांनी पावन झालेल्या भूमीवरच पुन्हा मिस्साबलिदान अर्पण व्हावे, अशी बिशप यामागुची यांची भूमिका होती. अखेर १९५८ साली भिंती पाडण्यात आल्या व १९५९ साली नवे कॅथेड्रल पूर्ण झाले. हिरोशिमाचा भग्न घुमट टिकला. उराकामीच्या भिंती टिकल्या नाहीत, याची खंत अनेकांना आजही वाटते.

तरीही साक्ष पूर्णतः पुसली गेली नाही. भिंतीचा एक भाग स्फोटकेंद्राजवळील उद्यानात उभारण्यात आला. कोसळलेला घंटामनोरा चर्चलगतच्या उतारावर तसाच आहे. २०१६ साली त्याला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाच्या संरक्षणात घेण्यात आले. पवित्र मरियेच्या लाकडी पुतळ्याचे होरपळलेले, नेत्रहीन मस्तक कॅथेड्रलमध्ये पूज्यभावाने ठेवलेले आहे.

नष्ट झालेल्या दुसऱ्या घंटेची जागा मात्र रिकामीच होती. अमेरिकेतील कॅथोलिक भाविकांनी देणग्या जमवून नवी घंटा दिली आणि ९ ऑगस्ट २०२५ रोजी, त्याच मिनिटाला, दोन्ही घंटा ऐंशी वर्षांनी एकत्र निनादल्या. ज्या राष्ट्राने बॉम्ब टाकला, तेथील श्रद्धावंतांनी ही भेट दिली आणि ज्यांचे आप्त गेले, त्यांनी ती स्वीकारली. भग्न दगड जपावयाचे, ते वैर जागते ठेवण्यासाठी नव्हे, तर अशा समेटासाठी, हीच उराकामीची शिकवण आहे.