फुप्फुस पेशीनमुन्यांची अपुरेपणाची नोंद

फुप्फुसातील गाठीचे निदान करण्यासाठी बेडका, श्वासनलिकेतील ब्रशचा किंवा धुवणीचा नमुना आणि सुईने ओढलेल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. नमुन्यात पेशी फार थोड्या असतील, रक्ताने झाकल्या असतील किंवा काचपट्टीवर वाळून बिघडल्या असतील, तर विकृतिवैज्ञानिक तो ‘अपुरा’ ठरवतात. हा निर्णय सर्वत्र सारखा होत नाही. बेडक्याची कसोटी तुलनेने सोपी आहे: वायुकोशातील महाभक्षक पेशी दिसल्या नाहीत, तर ती नुसती लाळ समजावी. सुईच्या नमुन्यासाठी असा सर्वमान्य पेशी-आकडा नाही.

खरा मतभेद वेगळ्याच ठिकाणी आहे. स्कॅनवर ठळक गाठ दिसते, पण काचपट्टीवर श्वासनलिकेच्या निरोगी पेशी भरपूर असतात. एक जण त्याला ‘सौम्य’ म्हणतो, दुसरा ‘अनिर्णायक’. पहिल्या शेऱ्याने कर्करोग नाही असा समज होऊन पुढची तपासणी लांबू शकते. म्हणून गाठीचा उलगडा न करणारा नमुना अनिर्णायक मानणेच सुरक्षित.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022च्या फुप्फुस पेशीविज्ञान अहवाल-पद्धतीत पाच गट असून पहिला अपुऱ्या किंवा अनिर्णायक नमुन्यांचा आहे. अपुऱ्या नमुन्यातही एखादी संशयास्पद पेशी आढळल्यास तो या गटात टाकत नाहीत. परीक्षकांमधील एकवाक्यता कप्पा गुणांकाने मोजतात. 1 म्हणजे पूर्ण सहमती. नमुना घेतानाच जागेवर तपासल्यास सुई पुन्हा घालता येते, मात्र त्यासाठी तज्ज्ञ उपलब्ध असावा लागतो. अहवालात अपुरेपणाचे कारणही लिहावे.